साखरेमागील श्रम

नित्याच्या उपयोगातील प्रत्येक वस्तूमागे कोणाचे तरी श्रम असतात. परंतु ते करणारा मनुष्य डोळ्यांसमोर नसला म्हणजे त्याचा सहज विसर पडतो. मुंबईच्या गोवंडी उपनगरात भल्या सकाळी कामावर निघालेला मजूर स्थानकाबाहेर चहाचा पेला हाती घेतो. त्या चहातील साखर ज्या उसापासून झाली, तो ऊस तोडणाराही मजूरच असतो आणि पुष्कळदा त्याच्याच मुलखातला असतो. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी गाव सोडले. काही मुंबईच्या उपनगरांत येऊन राहिली, तर काहींनी उसाच्या फडाची वाट धरली. पहिल्यांनी गाव सोडले ते एकदाच. दुसऱ्यांना ते दर वर्षी सोडावे लागते.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा पाया प्रवरानगर येथे घातला गेला. विठ्ठलराव विखे पाटील यांची जिद्द आणि धनंजयराव गाडगीळ यांचे मार्गदर्शन यांच्या बळावर उभ्या राहिलेल्या तेथील कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला. पुढे कृष्णा, पंचगंगा, भीमा या नद्यांच्या खोऱ्यांत असे अनेक कारखाने निघाले. उसाला पाणी लागते आणि तोडणीला माणसे लागतात. पाणी या खोऱ्यांत होते. माणसे आली ती पाणी नसलेल्या प्रदेशातून. बीड जिल्हा, पाथर्डी तालुका आणि बालाघाटच्या डोंगररांगांतील गावे येथे खरिपाचे पीक निघाले की शेतात काम उरत नाही. म्हणून दसरा-दिवाळी आटोपताच तेथील लक्षावधी स्त्रीपुरुष बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात व कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने, परमुलखात राहतात. फडाजवळच्या मोकळ्या जागेत उभारलेली कोप हेच त्यांचे घर असते.

ऊस तोडल्यावर तो लवकर गाळावा लागतो. कारण वेळ जाईल तसतसे त्याचे वजन व त्यातील साखर ही दोन्ही घटतात. कारखाना रात्रंदिवस चालतो आणि म्हणून मजुराच्या दिवसालाही ठराविक सुरुवात वा शेवट राहत नाही. पहाटेच्या थंडीत पुरुष बुडख्यापासून ऊस तोडतो. स्त्री पाचट काढून मोळ्या बांधते व त्या डोक्यावर वाहून नेते. मालमोटार मध्यरात्री आली, तर ती मध्यरात्रीच भरावी लागते.

या दोघांना मिळून व्यवहारात ‘एक कोयता’ असे म्हणतात. एकटा मनुष्य असेल, तर तो ‘अर्धा कोयता’ होय. माणसांची गणना हत्याराच्या नावाने करण्याची ही रीत वरवर साधी वाटते. पण तिचा परिणाम मोठा आहे. मजुरी कोयत्याच्या हिशेबात धरली जाते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. स्त्रीने केलेले निम्मे काम तिच्या नावावर कोठेच लिहिले जात नाही.

मजूर व कारखाना यांच्यामध्ये मुकादम असतो. हंगामापूर्वी तो मजुरास ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो. आजारपण, मुलीचे लग्न, पावसाळ्यातील पोटापाण्याची सोय, अशा कामी ती खर्च होऊन जाते आणि मग मजूर ती तोडणी करून फेडतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली व टनास सुमारे ३६६ रुपये दर ठरला. एका जोडप्याने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर त्याची मजुरी ७३२ रुपये होते. उचल एक लाख रुपयांची असेल, तर ती फिटण्यास सुमारे १३७ दिवस लागतील. इतके दिवस पुष्कळदा हंगामच चालत नाही. मग बाकी पुढील वर्षावर जाते आणि मजूर त्याच मुकादमाकडे पुन्हा बांधला जातो. उचल घेऊन मजूर आलेच नाहीत, तर मुकादमही बुडतो, हे खरे आहे. पण हिशेबाची वही त्याच्या हाती असते, मजुराच्या हाती नसते.

काम चुकलेल्या दिवसास ‘खाडा’ म्हणतात. खाडा पडला की पैसे कापले जातात, मग कारण ताप असो वा बाळंतपण. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी चळवळ केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी उसाच्या फडात विसाव्याचा दिवस हा अजून दंडाचा दिवस आहे. खाड्याच्या भयाने स्त्रिया दुखणे अंगावर काढतात. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले, तेव्हा या भयाची खोली समाजास कळली.

ही स्थिती कायद्यास मान्य नाही. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्यानुसार कर्जापायी मनुष्यास कामाशी जखडून ठेवणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करवून घेणे ही देखील एक प्रकारची वेठबिगारीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मिळाला आहे; परंतु शाळेच्या ऐन सत्रात आईबापांबरोबर फडावर जाणारे मूल त्या हक्कास मुकते.

या अन्यायाविरुद्ध मजुरांच्या संघटनांनी वेळोवेळी ‘कोयता बंद’ आंदोलने केली आणि दरवाढीचे करार घडवून आणले. मुलांसाठी साखरशाळा व गावोगावी हंगामी वसतिगृहे निघाली. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ स्थापन झाले असून, गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्याने दहा रुपये व तितकीच रक्कम शासनाने त्यास द्यावी, असे २०२१ साली ठरले. ग्रामपंचायतीमार्फत मजुरांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे कामही सुरू झाले.

परदेशातही हा प्रश्न उद्भवला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात द्राक्षे तोडणाऱ्या फिरत्या मजुरांनी १९६५ साली संप पुकारला. सीझर चावेझ हे त्यांचे एक प्रमुख पुढारी होते. शहरांतील लक्षावधी लोकांनी ती द्राक्षे विकत घेण्याचे नाकारले, तेव्हा १९७० साली मळेवाल्यांनी करार केले. माल विकत घेणाऱ्यानेही मजुराची चौकशी केली म्हणजे काय घडते, हे त्यावरून दिसून येते.

ऊसतोडणी मजुरास दया नको आहे. उचलीचा व तोडणीचा लेखी हिशेब त्याच्याजवळ असावा, स्त्रीची मजुरी तिच्या नावे जमा व्हावी, आजारात खाडा धरू नये, कोपीजवळ पाणी व शौचालय असावे आणि मुलांची शाळा खंडित होऊ नये, एवढेच त्याचे मागणे आहे. यांपैकी प्रत्येक गोष्टीचा आरंभ एका साध्या नोंदीपासून होतो: वहीत जेथे आज ‘एक कोयता’ असे लिहिले जाते, तेथे दोन माणसांची नावे लिहिली गेली पाहिजेत.