कोडिंग कच्चं आहे? तरीही ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान देता येतं, ते असं!

व्हीएलसीवर सिनेमा पाहिलाय? फायरफॉक्स वापरलाय? मग ओपन सोर्स सॉफ्टवेअर तुमच्या ओळखीचं आहे. ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, वापरता येतो आणि ज्यात बदल सुचवता येतो, ते ओपन सोर्स. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केलं, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. आज जगातले असंख्य सर्व्हर आणि अँड्रॉइड फोन लिनक्सवरच चालतात, कारण पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली.

पण 'आपल्याला कुठे एवढं येतं?' असं म्हणून अनेक जण सुरुवातच करत नाहीत.

सुरुवात कुठून करायची?

तुम्ही जिथे अडलात, तिथून. समजा, एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना सूचनांमधली तिसरी पायरी चाललीच नाही. तासभर डोकं खाजवल्यावर तुम्हाला उपाय सापडला. ही पायरी दुरुस्त करणं हे खरंखुरं योगदान आहे. रोज काम करणाऱ्यांना अशा चुका दिसत नाहीत, कारण त्यांनी त्या सूचना वाचून वर्षं झालेली असतात. नवख्या माणसाला त्या लगेच खटकतात.

काहीच सुचत नसेल, तर गिटहबवर 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल शोधा. नवीन लोकांना जमतील अशा कामांना ते लावलेलं असतं.

पाठवायचं कसं?

१. प्रोजेक्टची 'रीडमी' आणि 'काँट्रिब्युटिंग' फाइल वाचा. नियम तिथेच असतात.

२. त्या कामावर आधीच कुणी आहे का, ते बघा. नसेल तर 'मी हे करू का?' असं विचारा.

३. प्रोजेक्ट 'फोर्क' करा, म्हणजे तुमच्या खात्यात त्याची प्रत तयार होईल. मूळ प्रोजेक्टला धक्का लागत नाही, त्यामुळे घाबरू नका.

४. बदल करा आणि 'कमिट' करा. छोटी दुरुस्ती असेल तर ब्राउझरमध्येच पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक करून हे जमतं.

५. 'पुल रिक्वेस्ट' पाठवा. म्हणजे 'माझा बदल तुमच्यात घ्या' अशी विनंती. काय बदललं आणि का, हे दोन ओळींत लिहा.

पुढे काय होतं?

प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, म्हणजेच मेंटेनर, तुमचा बदल तपासतात. ते सुधारणा सांगतील, कधी नकारही देतील. तो अपमान समजू नका. अनुभवी लोकांच्याही रिक्वेस्ट परत येतात. उत्तराला वेळ लागला तर धीर धरा, कारण अनेक मेंटेनर नोकरी सांभाळून हे काम फुकट करतात.

ही चूक टाळा

हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी अनेकांनी रीडमीमध्ये एखादा निरर्थक शब्द घालून रिक्वेस्टचा पाऊस पाडला. त्या बंद करण्यातच मेंटेनरचा वेळ गेला. शेवटी आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला आणि तयारी दाखवणाऱ्या प्रोजेक्टनाच उपक्रमात घेतलं गेलं.

म्हणून पाठवण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: यामुळे कुणाचं काम सोपं होणार आहे का? उत्तर 'हो' असेल, तर एका शब्दाची दुरुस्तीही मोलाची आहे. नसेल, तर ती रेझ्युमेवर एक ओळ वाढवेल, पण कुणाचा तरी वेळ खाईल.

कोडिंग अजिबातच येत नसेल तर?

मराठी येतं ना? मग वर्डप्रेसचं मराठी भाषांतर करायला हात लावा. किंवा मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठी वाक्यं वाचून आवाज द्या. संगणकाला बोली समजावी म्हणून असे आवाज गोळा केले जातात. त्यात तुमच्या गावाकडचा हेलही हवाच की!