हर्डल शर्यतीतील घोड्यांची पारख

इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे दर वर्षी मार्च महिन्यात 'चँपियन हर्डल' नावाची शर्यत होते. १९२७ साली सुरू झालेली ही शर्यत हर्डलवरून धावणाऱ्या घोड्यांची सर्वांत मोठी कसोटी समजली जाते. २०२३ साली 'कॉन्स्टिट्यूशन हिल' या घोड्याने ती नऊ लेंथ अंतराने जिंकली. २०२५ साली 'गोल्डन एस' या घोडीनेही ती नऊ लेंथ अंतरानेच जिंकली. एक लेंथ म्हणजे घोड्याची एक लांबी. निकालपत्रकात हे दोन विजय एकसारखे दिसतात. परंतु शर्यतींचा अभ्यास करणारा कोणीही या दोन विजयांना एका पंक्तीत बसवणार नाही. तो असे का करतो, हे समजले की घोड्याच्या 'फॉर्म'ची मीमांसा कशी होते हे बरेचसे समजले.

'फॉर्म' हा शब्द आपल्याकडे क्रिकेटमुळे रूढ झाला आहे आणि तेथे त्याचा अर्थ खेळाडूला सध्या गवसलेली लय एवढाच होतो. शर्यतींच्या जगात त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. घोड्याने आजवर केलेल्या कामगिरीची नोंद आणि त्या नोंदीवरून त्याच्या कुवतीविषयी काढलेले अनुमान, हे दोन्ही त्यात येते. पैजा लावणाऱ्यांना या विद्येचा उपयोग होतो हे खरे. पण तो भाग आपण बाजूला ठेवू. तो वगळला तरी अनुमानशास्त्राचा एक मनोरंजक नमुना उरतोच.

मुंबई, पुणे किंवा बंगलोरच्या शर्यती पाहिलेल्या वाचकाला आधी हर्डल म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडील शर्यती सपाट मैदानावरच्या असतात. हर्डल हा लाकडी चौकटीत काटक्या गुंफून केलेला, सुमारे साडेतीन फूट उंचीचा अडसर. तो जमिनीत रोवलेला असला तरी घोड्याचा पाय लागताच झुकतो. स्टीपलचेस या दुसऱ्या प्रकारातील कुंपणे निदान साडेचार फूट उंच व भरभक्कम असतात. तेथे घोड्याला जपून, उंच झेप घ्यावी लागते. हर्डलवर अशी ऐटबाज झेप घेणारा घोडा मागे पडतो. जितका काळ तो हवेत, तितका काळ त्याचे पाय त्याला पुढे रेटत नाहीत. म्हणून उत्तम हर्डलर अडसर जेमतेम ओलांडतो आणि टाप जमिनीला लागताच पुन्हा पूर्ण वेगात येतो. चँपियन हर्डलच्या दोन मैलांहून थोड्या अधिक अंतरात असे आठ अडसर येतात. प्रत्येक ठिकाणी अर्धी लेंथ कमावली, तर शेवटी चार लेंथ होतात.

आता मोजमापाकडे वळू. येथे घोड्याची योग्यता पौंडांत सांगतात. वरचढ घोड्याच्या पाठीवर अधिक वजन घालून दुबळ्याला त्याच्या बरोबरीस आणायचे, या जुन्या पद्धतीतून हे माप आले आहे. दोन मैलांच्या हर्डल शर्यतीत एक लेंथ म्हणजे सुमारे एक पौंड असा ढोबळ हिशेब करतात. गोल्डन एसच्या विजयाला तो लावून पाहा. घोडी म्हणून तिला सात पौंडांची सवलत होती आणि दुसरा आलेला 'बर्डेट रोड' पूर्ण वजन घेऊन धावत होता. नऊ लेंथमधून सात पौंड वजा केले की तिचे खरे आधिक्य दोनच पौंडांचे उरते. शिवाय बर्डेट रोड हा विजयाचा मानकरी ठरेल असे फार थोड्यांना वाटले होते. उलट २०२३ साली कॉन्स्टिट्यूशन हिलच्या मागे नऊ लेंथवर जो घोडा होता, तो 'स्टेट मॅन' पुढच्याच वर्षी, २०२४ साली, स्वतः अजिंक्य ठरला. विजयाचे मोल ठरवताना पराभूताकडे पाहावे लागते ते असे.

मग २०२५ साली ते दोघे कोठे होते? दोघेही धावत होते आणि दोघेही पडले. कॉन्स्टिट्यूशन हिल शर्यतीच्या मध्यावरच कोसळला. स्टेट मॅन आघाडीवर असताना अखेरच्या अडसरापाशी पडला. पडलेल्या घोड्याला कोणते श्रेय द्यावे, हा या विद्येतील सर्वांत अवघड प्रश्न आहे. स्टेट मॅनच्या पडण्याआधीच्या धावेची नोंद घेणे योग्यच. पण चेल्टनहॅमचा शेवटचा टप्पा चढणीचा आहे आणि तेथे दमसास संपलेले कित्येक आघाडीवीर मागे पडलेले आहेत. मध्यावर पडलेल्याविषयी तर काहीच अनुमान काढता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अशा ठिकाणी आकडा न मांडणे हेच अधिक प्रामाणिकपणाचे. गोल्डन एसचा दोष मात्र यात काहीच नाही. आठही अडसर पार करून उभे राहणे हादेखील कसोटीचाच भाग आहे.

अंतर आणखी एका प्रकारे फसवते. 'सी पिजन' हा मुळात सपाट शर्यतींचा घोडा. १९७३ च्या एप्सम डर्बीत तो धावला होता. त्याच्या अंगात शेवटच्या क्षणी विजेसारखा वेग होता, पण तो फार लवकर वापरला तर उपयोगी पडत नसे. १९८१ साली, अकराव्या वर्षी, चँपियन हर्डल दुसऱ्यांदा जिंकताना जॉन फ्रँकम या स्वाराने अखेरचा अडसर ओलांडेपर्यंत त्याचा लगाम आवरून धरला. विजयाचे अंतर दीड लेंथ. ते दीड पौंडाचे आधिक्य मानणे म्हणजे सावकाराच्या पेटीत किती आहे हे त्याने बाजारात मोडलेल्या नाण्यांवरून ठरवणे होय.

एकच शर्यत अशी अपुरी पडते, म्हणून तेच घोडे पुन्हापुन्हा एकमेकांसमोर येणे अभ्यासकाला मोलाचे वाटते. १९७६ व १९७७ सालचा अजिंक्य घोडा 'नाइट नर्स', १९७८ व १९७९ सालचा 'मंक्सफील्ड' आणि १९८० व १९८१ सालचा 'सी पिजन' यांच्या बाबतीत हा योग जुळून आला. १९७७ साली चेल्टनहॅमला समान वजनावर नाइट नर्सने मंक्सफील्डला दोन लेंथने हरवले, म्हणजे आधिक्य दोन पौंड. थोड्याच दिवसांनी एन्ट्री येथील टेम्पलगेट हर्डलमध्ये नाइट नर्सच्या पाठीवर सहा पौंड अधिक होते, आणि दोघे एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोचले. निकाल बरोबरीचा लागला. या हिशेबाने आधिक्य सहा पौंड. दुसऱ्या शर्यतीचे अंतर अधिक होते, तेव्हा दोन आकडे जुळले नाहीत यात नवल नाही. १९७८ साली चेल्टनहॅमला मंक्सफील्ड पहिला, सी पिजन दुसरा आणि नाइट नर्स तिसरा आला. फिल बुल यांनी १९४८ साली सुरू केलेल्या 'टाइमफॉर्म' या संस्थेने नाइट नर्सला १८२ पौंडांचे मानांकन दिले. हर्डलवरच्या घोड्याला तिने दिलेले हे सर्वोच्च मानांकन होय. एन्ट्रीच्या त्याच दिवशी 'रेड रम'ने तिसऱ्यांदा ग्रँड नॅशनल जिंकली, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती तीच शर्यत.