पन्नास घोड्यांचं दशक

वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आता दहा हजार रुपये मोजावे लागतात. जुन्या गाडीचं हे काम 2022 च्या एप्रिलपर्यंत सहाशेत व्हायचं, मग पाच हजार झाले आणि ऑगस्ट 2025 मध्ये दहा. वर पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. तिगावच्या आमच्या पडवीत 1997 ची कार्ब्युरेटरवाली मारुती झेन उभी आहे. त्या पेट्रोलला तिचे जुने रबरी पाइप पुरे पडत नाहीत. म्हातारीला छळून घालवायचं ठरलेलंच दिसतं. तेव्हा तिच्या बऱ्या दिवसांचा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

मोटारशर्यतींचा त्याआधीचा इतिहास झटपट उरकतो. जुहूची धावपट्टी, मद्रासजवळची युद्धकाळातली शोलावरमची धावपट्टी, संस्थानिक आणि गिरणीमालक, त्यांच्या परदेशी गाड्या. ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनी तो इतिहास जपावा. आमचा सुरू होतो डिसेंबर 1983 मध्ये, मारुती 800 आली तेव्हा. कोइमतूरच्या करीवर्धन यांनी मारुतीचंच इंजिन घेऊन छोट्या शर्यतगाड्या बांधल्या. 1990 मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. करीवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. 2003 मध्ये कोइमतूरला झालेल्या 2.1 किलोमीटरच्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं. सगळं दक्षिणेत. महाराष्ट्रात काय होतं? गप्पा होत्या.

आमचं दशक म्हणजे साधारण 2005 ते 2015. झेनचं उत्पादन 2006 मध्ये थांबलं आणि जुन्या झेन स्वस्त झाल्या. नागपूरच्या भंगार बाजारात तिचे भाग ढिगाने मिळू लागले. 993 सीसी, चार सिलिंडर, जेमतेम पन्नास अश्वशक्ती, वजन पाऊण टनाच्या आत. अशा गाडीला ‘ट्रॅक डे’ पुष्कळ. तिथे शर्यत नसते, नंबर नसतो, ढाल नसते. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, ठरलेली मिनिटं फिरायचं आणि बाजूला व्हायचं. शिवाय ज्या गाडीने फिरलो तिच्यानेच हजार-बाराशे किलोमीटर तोडून तिगावला परतायचं. म्हणून तयारी जिवावर उदार होऊन करून चालत नसे. आमच्याकडे शंकरपटाच्या बैलजोडीला पटाआधी महिनाभर जपतात, तसं ते काम होतं.

पहिलं काम ब्रेकचं. ब्रेक ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं. ताजं डॉट 3 दोनशे पाच अंशांना उकळतं, ताजं डॉट 4 दोनशे तीसला. ओल धरली की दोन्ही दीडशेच्या आसपास येतात. मग भर वळणाच्या तोंडाशी ऑइलची वाफ होते आणि पॅडल फरशीला टेकतं. म्हणून निघण्याआधी जुनं ऑइल पूर्ण काढायचं. मी पॅडलवर, मिस्त्री चाकाखाली, निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. “दाब भाऊ. ठेव दाबून. मी म्हणल्याशिवाय सोडू नोको.” नळीतून आधी चहासारखं काळपट ऑइल यायचं, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत चारही चाकं. गावाजवळच्या घाटाखाली मालगाडीला मागून जोर देणारी इंजिनं लागत, त्यांचा आवाज आमच्या कामाला साथीला असे.

दुसरं काम टायरचं. कंपनीचे 145 चे अरुंद टायर काढून 165 चे चढवले. टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढायच्या, दोन-चार फेऱ्या मारायच्या आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. खांद्यापलीकडे पुसली तर हवा कमी आहे किंवा चाकाला कॅम्बर हवा. पुढच्या स्ट्रटच्या वरच्या बोल्टचं छिद्र कानसीने किंचित लांबट केलं की चाकाचा माथा आत झुकतो. तासभराचं काम, खर्च चहाचा. मागची सीट, स्टेपनी, जॅक, पायपुसणी ट्रॅकवर पोचल्यावर उतरवायची. बॅटरीचा पट्टा आवळायचा. लांब वळणावर इंजिन ऑइल एका बाजूला जातं आणि पंप कोरडा पडतो, म्हणून पातळी वरच्या खुणेला ठेवायची. फिरून आल्यावर एक फेरी सावकाश मारायची आणि थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या ब्रेकला तो चिकटून बसतो.

यातलं काहीच बाहेरून दिसत नाही आणि आमचं वैर तिथेच जुळलं. त्या काळी ‘मॉडिफाय’ म्हणजे फाटका सायलेन्सर, शेपटीवर पंख आणि काचेवर स्टिकर. ते लोक आमच्या झेनला हसायचे. त्यांच्यातल्या एकाचे ब्रेक पॅड मी पाहिले होते. पत्रा उघडा पडला होता. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू नका असं बजावलं, तेव्हा तडाखा मात्र सगळ्यांनाच बसला. आवाज करणारा आणि ब्रेक सुधारणारा एकाच पोत्यात.

दुसरं वैर मोठ्या मंडळींशी. आमच्या शेजारच्या सौंसर तालुक्यात बोरगावला रेमंडचा कारखाना; त्याच घरातल्या गौतम सिंघानियांनी मुंबईत सुपर कार क्लब काढला. तक्रार त्यांच्याशी नाही, वर्तमानपत्रांशी आहे. मोटारखेळ म्हटला की फोटो लाल फेरारीचाच. 30 ऑक्टोबर 2011 ला ग्रेटर नोएडात फॉर्म्युला वन आलं तेव्हा वाटलं, आता खाली झिरपेल. उत्तर प्रदेश सरकारने त्याला खेळ न मानता करमणूक मानलं, कराची भांडणं लागली आणि 2013 नंतर ते गेलं. झिरपलं काही नाही.

आणि महाराष्ट्रातलं चाकण? फोक्सवॅगनची पोलो तिथे बनली, पण तिची शर्यतमालिका 2010 मध्ये सुरू झाली ती दक्षिणेतल्या ट्रॅकवर. 2022 मध्ये पोलोही बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षी फोर्डने भारतातलं उत्पादन गुंडाळायला घेतलं आणि फिगो गेली. हलकी, बुटकी, वळणात बसणारी गाडी आता शोधावी लागते. शोरूममध्ये सगळं उंच. उंच गाडीत माणसाला रुबाब वाटतो. वळणात तिचा तोल आधी ढळतो, हे सांगायला विक्रेता कशाला बसलाय?

पुण्याजवळ नाणोलीला अलीकडे छोटा ट्रॅक झालाय, त्याला शुभेच्छा. विदर्भाच्या वाट्याला आला समृद्धी महामार्ग. जून 2025 मध्ये 701 किलोमीटर पुरा झाला, मोटारींना मर्यादा ताशी 120. त्यावर जाणाऱ्या किती जणांनी आयुष्यात एकदा तरी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून गाडी कशी वागते ते पाहिलंय? पन्नास घोड्यांची झेन घेऊन आम्ही ते ट्रॅकवर शिकलो, कारण चूक माफ करायला मोकळी कड होती आणि समोरून ट्रक येत नव्हता. जुन्या गाडीचे दहा हजार खुशाल घ्या. पण त्यातून दर जिल्ह्यात एखादा सपाट डांबरी पट्टा करा आणि रविवारी सकाळी तो लोकांना उघडा ठेवा. वेग विकायला रस्ते बांधता येतात, तर थांबायला शिकवायला एक पट्टा का नाही?