ज्वालामुखी फुगला की हवा बदलली?

ज्वालामुखीच्या पोटात शिलारस साठू लागला की त्याचे उतार काही सेंटिमीटरने फुगतात आणि तो निघून गेला की खचतात. ही हालचाल अवकाशातून मोजण्यासाठी उपग्रहावरील रडार एकाच प्रदेशाच्या दोन वेगळ्या दिवशी प्रतिमा घेते आणि परतलेल्या लहरींच्या कलेतील, म्हणजे लहर आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे यातील, फरक काढला जातो. या पद्धतीला रडार व्यतिकरणमिती म्हणतात. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर असून लहर जाता-येता दुहेरी अंतर कापते, त्यामुळे नकाशावरील रंगांचा एक पूर्ण पट्टा उपग्रहाच्या दिशेतील २.८ सेंटिमीटर हालचाल दाखवतो.

मात्र लहरीचा वेग हवेचा दाब, तापमान आणि विशेषतः बाष्प यांनुसार किंचित बदलतो, आणि झालेला विलंब वाढलेल्या अंतरासारखाच भासतो. हॉवर्ड झेब्कर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की सापेक्ष आर्द्रतेतील २० टक्के फरकामुळे १० ते १४ सेंटिमीटरची चूक होऊ शकते. डोंगरावर ही चूक अधिक फसवी ठरते, कारण पायथ्यावर हवेचा थर जाड आणि माथ्यावर पातळ असल्याने दुसऱ्या दिवशी बाष्प वाढले तर पायथ्याकडील लहरींना जास्त विलंब होतो आणि तुलनेने माथाच वर आल्याचा आभास निर्माण होतो.

सिसिलीतील एटना या ३,३०० मीटरहून उंच ज्वालामुखीबाबत नेमका हाच पेच पडला. १९९१-९३ च्या उद्रेकातील प्रतिमांवरून दिदिए मासोने व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये संपूर्ण पर्वत खचल्याचा निष्कर्ष काढला. परंतु फ्रान्स्वा बोदुसेल व सहकाऱ्यांनी २००० मध्ये १९९२ ते १९९८ च्या प्रतिमा तपासून दाखवले की एकट्या हवेमुळेही दोन-तीन पट्टे उमटू शकतात आणि तो परिणाम वजा केल्यावर पर्वतव्यापी मोठी हालचाल उरत नाही.

कलेतील बदल उंचीशी जुळवून तो वजा करणे हा सर्वांत सोपा उपाय होय. पण खरा फुगवटाही बहुधा माथ्याभोवतीच असल्याने चुकीबरोबर तोही पुसला जाण्याचा धोका असतो. म्हणून विलंबाचा अंदाज प्रतिमेबाहेरून, जमिनीवरील जीपीएस केंद्रांकडून किंवा हवामान प्रारूपांकडून, घेणे अधिक विश्वासार्ह ठरते. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ हा संच दर तासाची स्थिती देतो. परंतु त्याची चौकट सुमारे ३१ किलोमीटरची असल्याने हवेचे थर त्यात उमटतात, उतारावरचे ढग व भोवरे निसटतात. या अनियमित चुका अनेक प्रतिमांच्या सरासरीने घटतात, कारण एकमेकींशी संबंध नसलेल्या १६ मोजमापांत त्या साधारण एक-चतुर्थांशावर येतात. मात्र ऋतूंनुसार येणारा विलंब असा विरत नाही आणि अचानक झालेली हालचाल सरासरीत पसरट होते.

जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या भारत-अमेरिकेच्या निसार उपग्रहाच्या एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर असल्याने दाट झाडीच्या उतारांवरील मोजमाप सुकर होते. पण बाष्पाचा विलंब सेंटिमीटरमध्ये तेवढाच राहतो आणि आयनांबरातील, म्हणजे विद्युतभारित कणांच्या उंच थरातील, चूक उलट वाढते. ही दुसरी चूक तरंगलांबीनुसार बदलत असल्याने रडारच्या वारंवारतापट्ट्याचे दोन भाग करून वेगळी काढता येते, बाष्पाला मात्र ही युक्ती लागू पडत नाही. त्यामुळे रडार कितीही सुधारले तरी त्या दिवशीच्या हवेची स्वतंत्र नोंद हा ज्वालामुखीच्या मोजमापाचा अनिवार्य भागच राहतो.