भज्जी, आंबील आणि काट्यावरचं वजन

गर्भारपणातल्या आहाराचा विषय निघाला की मला आधी येळवशीची भज्जी आठवते. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या म्हणतात. बोलण्यात ती येळवस. त्या दिवशी धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या शिवारात घरंच्या घरं रानात उतरतात. कडब्याची कोप उभी राहते, काळ्या आईची पूजा होते आणि मग बांधावर पंगत बसते. बाजरीचे उंडे, भज्जी, आंबील. या बेताची मी अनेक वर्षांची चाहती आहे. पोटुशी बाईच्या ताटात काय असावं, याचं जवळजवळ पूर्ण उत्तर मला त्याच पंगतीत मिळालं.

भज्जी करताना मी पुष्कळदा शेजारी बसले आहे. तूर, हरभरा, वाटाणा यांचे ओले दाणे आधी शिजत पडतात. मग त्यात मेथी, पालक, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कांद्याची पात अशी हाताला लागेल ती पालेभाजी जाते. चिंचेचा कोळ, डाळीचं पीठ लावलेलं दाट पाणी आणि शेवटी लसणाची खमंग फोडणी. चवीला आंबट-तिखट आणि पोटाला भक्कम. पाल्यातून फोलेट आणि लोह, दाण्यांतून आणि पिठातून प्रथिनं. आणि चिंचेच्या आंबटपणामुळे ते लोह अंगी लागायला मदत होते. आंबील म्हणजे ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ. आंबवल्यामुळे धान्यातलं लोह अडवून धरणारे घटक कमी होतात, आणि ताकातून कॅल्शियम मिळतं ते वेगळं.

हे नुसतं भज्जीचं कौतुक नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या, सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास वजनाच्या या बायका. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी पावणेतीन किलोलाही पोचत नव्हतं. कोण किती खातं याचा हिशोब मांडला, तेव्हा बाळाचं वजन एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी फारसं जुळलं नाही. ते जुळलं दूध, फळं आणि हिरव्या पालेभाज्यांशी. 2001 साली डॉ. शोभा राव यांनी सहकाऱ्यांसह हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ढोकीचा बाजार उभा राहिला: तांदुळजा, चाकवत, शेपू, अंबाडी, पावसाळ्यात घोळ आणि पाथरी, थंडीत करडईची कोवळी भाजी. बड्या शहरांतल्या दुकानांत डबाबंद पावडरी महागड्या दराने विकल्या जातात. इथे रानात उगवलेलं पोषण जुडीने मिळतं.

थोडं विषयांतर करते. ढोकीहून तेर जवळच. प्राचीन तगर ते हेच. पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव येतं, आणि संत गोरोबाकाकांचं गावही हेच. तिथे लज्जागौरीच्या मातीच्या प्रतिमा सापडल्या आहेत, प्रसूतीच्या वेळी बसावं तशा बैठकीतल्या. सुफलतेची पूजा या तेरणा नदीकाठी दोन हजार वर्षांपासून चालत आली आहे. पण ज्या बाईच्या उदरातून ती सुफलता येते, तिचं ताट मात्र घरात सगळ्यांच्या शेवटी वाढलं जातं. मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

आता वजनाचे आकडे. मुळात अंगाने ठीक असलेल्या बाईचं नऊ महिन्यांत साधारण दहा ते बारा किलो वाढावं, असं आपल्याकडचे डॉक्टर सांगतात. पहिल्या तीन महिन्यांत एक-दोन किलो, पुढे दर आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास. बारीक बाईचं याहून जास्त, स्थूल बाईचं कमी. यातलं तीनेक किलो बाळाचं. बाकी वार, गर्भजल, गर्भाशय, वाढलेलं रक्त आणि दूध पाजण्यासाठी साठवलेली चरबी. त्यासाठी रोज साधारण 350 उष्मांक जादा लागतात, म्हणजे दोघांचं जेवण नव्हे; एक भाकरी, वाटीभर डाळ-भाजी आणि पेलाभर दूध पुरतं. लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यायच्याच. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टर सांगतील तसं.

गावात आजही एक समजूत ऐकू येते. एका आजींनी मला समजावलं, “लई खाऊ नये बाई, पोर मोठं होतंय न् बाळंतपण जड जातंय.” आजींच्या काळात दवाखाना लांब होता, त्यांची भीती खरी होती. आज पोटाला चिमटा काढल्याने बाळंतपण सोपं होत नाही. आई रक्ताने कमी पडते आणि बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती वाढते. जेवणावर लगेच घेतलेला चहाही लोहाच्या आड येतो. तो तासाभराने घ्यावा. आणि एक सांगायलाच हवं: पालेभाजीत ब-12 जीवनसत्त्व नसतं. पुण्याच्या याच अभ्यासात पुष्कळ बायकांत त्याची कमतरता आढळली. म्हणून दूध, दही, ताक आणि चालत असेल त्या घरी अंडं हवंच.

याच भागातून बायका ऊसतोडीला जातात, गरोदरपणीही. त्यांना कोपीत पालेभाजी कुठली मिळणार? माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्याबरोबर असावं, आणि जिथे फड पडेल तिथल्या अंगणवाडीतून आहार मिळावा, ही मागणी मला कुठल्याही मंदिराच्या जीर्णोद्धाराहून मोठी वाटते.

मुंबईच्या वस्त्यांत 2006 पासून झालेल्या एका प्रयोगाने माझं मत आणखी पक्कं केलं. काही बायकांना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला. इतरांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. ज्यांनी पालेभाजीचा खाऊ गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन थोडं वाढलं आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाणही कमी दिसलं. मात्र अगदी किडकिडीत बायकांच्या बाळांच्या वजनात फरक पडला नाही. म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण घालून भागत नाही. मुलगी वयात येते तेव्हापासून तिचं अंग भरायला हवं, आणि लग्न ठरलं की पालेभाजी आणि दूध रोजचंच हवं. येळवशीला नव्या सुनेच्या ताटात पहिली पळी भज्जी पडावी, आणि दुसऱ्या दिवशीपासून घरची पालेभाजी तिच्या वाट्याला उरली-सुरली म्हणून येऊ नये. ढोकीच्या घराघरात एवढं झालं, तर काट्यावरचं वजन आपोआप मार्गी लागेल.