मोजदादीत हरवलेली कबर

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी लष्कराने जाहीर केले, की करोनाच्या साथीमुळे आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत डिसेंबरमधला कबरींवर चक्रे (रीथ) वाहण्याचा कार्यक्रम यंदा होणार नाही. निर्णय एक दिवस टिकला. टीकेचा भडिमार झाला, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी लक्ष घातले आणि लष्कर खात्याचे सचिव रायन मॅकार्थी यांनी घोषणा मागे घेतली. ते वर्ष असे होते, की लग्ने आणि पदवीदान सोडाच, अंत्यसंस्कारही मोजक्या माणसांत उरकले जात होते. नाताळाआधीच्या एका शनिवारी माजी सैनिकांच्या कबरींवर फरच्या डहाळ्यांची, लाल फीत बांधलेली चक्रे ठेवण्याचा कार्यक्रम मात्र रद्द करणे सरकारला जमले नाही. ही प्रथा लष्कराने सुरू केलेली नाही, ती शंभर-दीडशे वर्षांची जुनीही नाही. तीस वर्षांच्या आत ती इतकी अलंघ्य कशी झाली, याचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या कबरीकडे कोणी फिरकत नाही तिथे जायचे, एवढ्याच कल्पनेतून ही प्रथा निघाली. पुढे एकही कबर उघडी राहू नये हे तिचे ध्येय बनले. दोन्ही हेतू वरवर सारखे वाटतात, पण ते एक नाहीत, आणि आज या प्रथेवर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप या बदलाच्या पोटातून आले आहेत.

सुरुवात धंद्यातल्या शिलकीतून झाली, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्यात वॉशिंग्टन नावाची काउंटी आहे. ब्लूबेरी, मासेमारी आणि हिवाळ्यात नाताळाची चक्रे यांवर तिथल्या अनेकांची गुजराण चालते. दोन-चार कडक थंडीच्या रात्री पडून गेल्या, की बाल्सम फरच्या सुया फांदीला घट्ट धरून राहतात. मग लोक रानात जाऊन फांद्यांचे शेंडे मोडून आणतात आणि तारेच्या कड्यावर त्यांचे झुबके बांधले जातात. मॉरिल वूस्टर हे हॅरिंग्टन गावचे असेच एक चक्रांचे उत्पादक. पोरवयात वर्तमानपत्रे टाकत असताना त्यांना बक्षीस म्हणून राजधानीची सहल मिळाली होती, आणि तेव्हा पाहिलेली आर्लिंग्टनची दफनभूमी त्यांच्या मनातून गेली नव्हती. १९९२ च्या हंगामाअखेर त्यांच्याकडे माल शिल्लक राहिला. मेनच्या लोकप्रतिनिधी ऑलिंपिया स्नो (पुढे त्या सिनेटर झाल्या) यांच्या मदतीने परवानगी मिळाली, एका स्थानिक ट्रकमालकाने वाहतूक अंगावर घेतली, माजी सैनिकांच्या संघटनांतली माणसे फिती बांधायला आली, आणि पाच हजार चक्रे आर्लिंग्टनला पोचली. ती ठेवायची कुठे, हा निर्णय मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रसिद्ध समाध्यांपाशी किंवा अनाम सैनिकाच्या स्मारकाभोवती ती ठेवता आली असती, आणि छायाचित्रेही चांगली आली असती. त्यांनी निवडला दफनभूमीचा एक जुना भाग, जिथली वर्दळ वर्षागणिक घटत चालली होती. ज्यांना रडणारेही आता हयात नव्हते अशांचा भाग. पुढची तेरा वर्षे हे काम जवळजवळ गुपचूप चालले.

२००५ मध्ये एक छायाचित्र इंटरनेटवर पसरले. बर्फाने झाकलेली जमीन, पांढऱ्या संगमरवरी शिळांच्या रांगा आणि प्रत्येक शिळेला टेकवलेले हिरवे चक्र. हजारो लोकांनी वूस्टर यांच्याकडे विचारणा केली, कोणी पैसे देऊ केले, कोणी आपल्या गावच्या दफनभूमीत हेच करायचे म्हणाले. २००६ मध्ये दीडशेहून अधिक ठिकाणी एकाच वेळी कार्यक्रम झाला, २००७ मध्ये ‘रीथ्स अक्रॉस अमेरिका’ ही विनानफा संस्था स्थापन झाली, २००८ मध्ये ठिकाणे तीनशेवर गेली. २०१४ मध्ये आर्लिंग्टनमध्ये सव्वादोन लाखांहून अधिक चक्रे वाहिली गेली आणि पहिल्यांदाच सगळी दफनभूमी झाकली गेल्याचे जाहीर झाले. अलीकडच्या वर्षांत ठिकाणांची संख्या चार हजारांपुढे आणि चक्रांची संख्या तीस लाखांच्या घरात आहे. मेनहून निघालेल्या ट्रकांचा ताफा आठवडाभर शाळा आणि माजी सैनिकांच्या निवासांपाशी थांबत थांबत राजधानीला येतो. ही वाढ थक्क करणारी आहेच. पण तिला दिशा कोणी दिली, तर त्या छायाचित्राने. त्यातले सौंदर्य एका कबरीचे नव्हते, अखंड रांगेचे होते. रांगेत एक शिळा रिकामी असती तर डोळ्याला तीच आधी खुपली असती. त्यामुळे पूर्णता हा या कामाचा निकष बनला आणि कुठे किती टक्के झाले, यंदा किती कमी पडली, असे हिशेब सुरू झाले.

हे छायाचित्र दहा वर्षे आधी निघाले असते तर एवढा परिणाम झाला असता का, याची मला शंका आहे. सैनिकांच्या कबरी सजवणे अमेरिकेला नवे नाही. यादवी युद्ध संपता संपता, १ मे १८६५ रोजी, चार्ल्सटन शहरात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी उत्तरेच्या बंदिवान सैनिकांच्या कबरींवर फुले वाहिली होती. १८६८ मध्ये माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांनी ३० मे हा दिवस त्यासाठी ठरवला आणि त्या पहिल्या वर्षी आर्लिंग्टनमध्ये पाचेक हजार लोकांनी सुमारे वीस हजार कबरी सजवल्या. तेही नागरिकांचेच काम होते. पुढे त्याचा ‘मेमोरियल डे’ झाला, १९७१ पासून तो मेच्या शेवटच्या सोमवारी सरकला आणि बहुतेकांसाठी उन्हाळ्याची चाहूल देणारा, सवलतीच्या सेलचा जोडसुट्टीचा शनिवार-रविवार-सोमवार होऊन बसला. आर्लिंग्टनमध्ये त्या निमित्ताने प्रत्येक शिळेपुढे छोटा झेंडा रोवला जातो, पण ते काम १९४८ पासून गणवेशातले सैनिकच करतात. दुसरीकडे १९७३ मध्ये सक्तीची लष्करभरती बंद झाली. तेव्हापासून अफगाणिस्तान आणि इराकपर्यंतची युद्धे लोकसंख्येच्या एका लहानशा हिश्श्याने लढली. उरलेल्यांच्या घरातून कोणी गेले नाही, कर वाढले नाहीत, रेशन आले नाही. २००५ साल म्हणजे इराक युद्धाचा ऐन मध्य. आपल्याकडून काहीच मागितले जात नाही, ही बोच ज्या समाजाला होती, त्याला डिसेंबरच्या थंडीत हाताने करण्याजोगे एक काम मिळाले. युद्ध योग्य की अयोग्य यावर हाडवैर असलेली माणसे इथे एका रांगेत उभी राहू शकत होती. हा गुण मी छोटा मानत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मग पूर्णतेचा आग्रह धरला तर बिघडले कुठे? लष्करी दफनभूमीचे तत्त्वच समतेचे आहे. जनरल असो की शिपाई, सरकारी शिळा सारख्याच मापाची. मग एकाला चक्र आणि शेजारच्याला नाही, हा अन्याय नव्हे का? आक्षेप वजनदार आहे. पण समता राखण्याची जबाबदारी राज्यसंस्थेची आहे आणि राज्यसंस्था ती पार पाडते. गवत कापणे, शिळा धुणे, खचलेली जमीन सरळ करणे, ही कामे पगारी माणसे वर्षभर करतात. आपल्याकडे खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ सैनिकांच्या कबरी आहेत. त्यांची निगा राष्ट्रकुलाचा युद्धकबर आयोग ठेवतो आणि ती निगा सर्वांना सारखीच मिळते. संस्थेला जमत नाही ते भेटीला जाणे. आपण होऊन आलेला माणूस एका वेळी एकाच कबरीपुढे उभा राहू शकतो, आणि त्याच्या येण्याचे मोल कबरीनुसार बदलते. ज्या विधवेचा नवरा आर्लिंग्टनच्या साठाव्या विभागात, इराक-अफगाणिस्तानच्या मृतांमध्ये निजला आहे, ती तशीही येणार आहे. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात गेलेल्याकडे कोण येईल? देणगीदाराला दफनभूमी निवडण्याची मुभा असते, आणि साहजिकच नाव माहीत असलेल्या ठिकाणांकडे ओढा राहतो; लहान गावांतले आयोजक दर वर्षी निम्म्याशिम्म्या कबरींपुरतेच पैसे जमले म्हणून आवाहने करत बसतात. म्हणजे पूर्णतेच्या आग्रहातूनही समता आलेली नाहीच. हजेरी मात्र आकड्यांत मोजली जाऊ लागली.

दुसरा आक्षेप पैशाचा. एका चक्रासाठी सतरा डॉलर घेतले जातात; त्यांतले पाच डॉलर स्थानिक मंडळाला, शाळेला किंवा स्काउट पथकाला परत मिळू शकतात. संस्था चक्रे विकत घेते ती प्रामुख्याने वूस्टर यांच्याच कंपनीकडून, आणि संस्थेच्या कार्यकारी संचालक अनेक वर्षे मॉरिल यांच्या पत्नी कॅरन होत्या. अमेरिकी वृत्तमाध्यमांनी यावर वेळोवेळी लिहिले आहे. संस्थेचे उत्तर असे, की खरेदीसाठी निविदा मागवल्या जातात, कुटुंबातले सदस्य त्या निर्णयात भाग घेत नाहीत आणि हे व्यवहार कागदोपत्री उघड केलेले असतात. बेकायदा काही सिद्ध झालेले नाही. या आक्षेपाने स्वयंसेवकाचे श्रम खोटे ठरतात असे मानणारे मला पटत नाहीत. हार विकणारा नफा कमावतो म्हणून देवळातली पूजा खोटी होत नाही. पण १९९२ आणि आज यांत फरक आहे. तेव्हा चक्रे उरली होती म्हणून कबरी शोधल्या. आज कबरी मोजून चक्रांची मागणी ठरते, आणि ‘एकही उघडी नको’ हे ध्येय पुरवठादाराच्या ताळेबंदाशी नेमके जुळते. ध्येय आणि नफा एकाच दिशेला धावू लागले, की ध्येय तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. इथे कोणाच्या हेतूवर संशय घेण्याचीही आवश्यकता नाही. रचनाच तशी आहे.

धर्माचा आक्षेपही सरसकट झाकण्याच्या याच ध्येयातून येतो. फरचे चक्र आणि लाल फीत ही नाताळाची खूण आहे, हे कोणत्याही अमेरिकी माणसाला सांगावे लागत नाही. लष्करातल्या धर्मस्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, ख्रिस्ती नसलेल्यांच्या कबरींवर न विचारता असे चक्र ठेवणे ही घुसखोरी असल्याचे म्हटले आहे. सदाहरित पाने कोणा एका धर्माची नाहीत, असा बचाव केला जातो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो बिनचूक आहे, आणि नेमका म्हणूनच लंगडा. सरकारी शिळेवर कोरता येणाऱ्या श्रद्धाचिन्हांच्या यादीत क्रूस आहे तसाच डेव्हिडचा तारा, चंद्रकोर, ओम आणि खंडाही आहे. विक्का पंथाचा पंचकोनी तारा तर २००७ मध्ये न्यायालयीन लढ्यानंतर त्यात आला. ज्या राज्यसंस्थेने मृताला त्याचे चिन्ह निवडू दिले, तिच्या आवारात त्या चिन्हाखाली दुसऱ्याच सणाची खूण ठेवताना निदान शिळा वाचायला हवी. ज्यू सैनिकांच्या कबरींवर कुटुंबाने सांगितल्याशिवाय चक्र ठेवू नये, हा संकेत अनेक ठिकाणी पाळला जातो, आणि तो योग्यच आहे. मात्र हा संकेत आहे म्हणजे काही शिळा उघड्या राहणे हाच कधी कधी आदर असतो, हे संस्थेच्या माणसांनाही मान्य आहे. मग सरसकट झाकण्याचे तत्त्व उरले कुठे?

या सगळ्यातून एक साधी सूचना मात्र टिकून आहे, आणि तिच्यासाठी ही प्रथा चालू राहावी असे मला वाटते. चक्र टेकवताना शिळेवरचे नाव मोठ्याने वाचा, असे स्वयंसेवकांना सांगितले जाते. चार लाखांहून अधिक माणसे जिथे पुरली आहेत त्या आर्लिंग्टनमध्ये काही तासांत सगळी दफनभूमी झाकायची, तर हे वाचन घाईतच होणार. लहान मुलांच्या हाती चक्र देऊन जन्ममृत्यूच्या तारखा वाचायला लावणारे पालक तिथे असतात, आणि हातातले चक्र टेकवून पुढच्या ट्रककडे धावणारेही असतात. दोघांची मोजदाद एकच होते. जानेवारीत वाळलेली चक्रे उचलायला स्वयंसेवक पुन्हा बोलावले जातात. तेव्हा ना ताफा असतो ना भाषणे.

संस्थेने दोन गोष्टी कराव्यात. चक्रांची खरेदी अनेक उत्पादकांत वाटावी आणि प्रत्येकाला दिलेली रक्कम दर वर्षी ठळकपणे छापावी. मेनमध्ये फर कमी नाही आणि बांधणारे हातही कमी नाहीत. दुसरे, ठिकाण न सांगता आलेली प्रत्येक देणगी आर्लिंग्टनबाहेरच्या, सर्वांत कमी भेटी होणाऱ्या दफनभूमींना आधी द्यावी, आणि तिथेही वाटप सर्वांत जुन्या विभागापासून सुरू व्हावे. आर्लिंग्टनच्या काही रांगा त्यामुळे डिसेंबरात उघड्या दिसतील. दिसू द्याव्यात.