एलईडी बल्ब फेकण्यापूर्वी उघडून पाहा

यंत्रमागाचा कारखाना असो, शिंप्याचे दुकान असो की घरातील स्वयंपाकघर, जुना पिवळा बल्ब आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी उजाला योजना सुरू केली व तिच्याद्वारे देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. खुल्या बाजारातही भाव उतरले. मात्र स्वस्त बल्ब वर्ष-दीड वर्षात बंद पडतो आणि आपण तो कचऱ्यात टाकतो. वास्तविक अशा बल्बमधील बहुतेक भाग शाबूत असतात. एक-दोन रुपयांच्या भागासाठी संपूर्ण वस्तू फेकणे हा इस्राफ, म्हणजेच उधळपट्टी होय. शिवाय ज्या तरुणाच्या हाती सोल्डरिंगचे कसब आहे, त्याच्यासाठी यात रोजीचे एक लहानसे साधनही आहे.

बल्बच्या आत काय असते?

नेहमीच्या ९ वॅटच्या बल्बचे पाच भाग असतात. खाली दोन टोकांची पितळी किंवा अॅल्युमिनियमची टोपी, जी होल्डरमध्ये बसते. त्यावर प्लास्टिकचे अंग. त्याच्या आत ड्रायव्हर म्हणजे लहानशी सर्किटपट्टी. त्यावर अॅल्युमिनियमची गोल पाटी, जिच्यावर पिवळसर चिपा बसविलेल्या असतात. आणि सर्वांत वर दुधी रंगाचे झाकण. घरातील २३० व्होल्टची वीज चिपांना मानवेल अशी करून देणे हे ड्रायव्हरचे काम. काही स्वस्त बल्बांत वेगळा ड्रायव्हर नसतो. त्याचे भाग चिपांच्याच पाटीवर लावलेले असतात.

या चिपा बहुधा माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक जोडलेल्या असतात. दोरा एका ठिकाणी तुटला की माळ संपली, तसेच एक चिप जळाली की सारा बल्ब बंद.

बल्ब का जातो?

मुख्य शत्रू उष्णता. कारखानदार खर्च वाचविण्यासाठी चिपा कमी लावतो व त्यांच्यातून जास्त प्रवाह सोडतो. उजेड भरपूर पडतो, पण चिप तापून लवकर जळते. बंद काचेच्या हंडीत बल्ब लावला तर उष्णतेला वाट मिळत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात कापसाची बारीक धूळ बल्बच्या अंगावर थर धरते, तिचाही हाच परिणाम होतो. म्हणून आठवड्यातून एकदा बटण बंद करून, बल्ब थंड झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसावा.

दोष कसा ओळखावा?

प्रथम बल्ब दुसऱ्या होल्डरमध्ये लावून पाहा. पुष्कळदा दोष होल्डरच्या ढिल्या पिनांत असतो. बटण बंद असूनही मंद उजेड राहत असेल, तर बहुधा दोष वायरिंगचा असतो. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर लागलेले असते किंवा बटणातील इंडिकेटरमधून थोडी वीज झिरपत असते.

बल्बच बिघडला असेल तर तो होल्डरमधून काढूनच उघडावा. पातळ पाते सांध्यात फिरवून झाकण सोडवावे. चिपेवर काळा ठिपका दिसला तर तीच जळालेली समजावी. ठिपका नसेल तर चिपा एकेक करून तपासाव्यात. एका चिपेत एकाहून अधिक बारीक चिपा असू शकतात व तिला ६, ९ किंवा १८ व्होल्ट लागतात. त्यामुळे साध्या मीटरवर चांगली चिपही पेटत नाही. त्यासाठी ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून, मध्ये २.२ किलोओहमचा अर्ध्या वॅटचा रेझिस्टर घालून परीक्षक बनवावा. धन-ऋण टोके पाहून लावावीत. चांगली चिप लगेच उजळते.

सर्व चिपा चांगल्या निघाल्या तर दोष ड्रायव्हरचा. फुगलेला कॅपॅसिटर, जळालेला फ्यूज-रेझिस्टर किंवा टोपीजवळ सुटलेली तार, ही नेहमीची कारणे.

दुरुस्ती

अॅल्युमिनियमची पाटी उष्णता ओढून घेते, म्हणून नुसत्या सोल्डरिंगने चिप निघत नाही. पाटी सुटी करून उलट्या धरलेल्या जुन्या इस्त्रीवर किंवा गरम तव्यावर ठेवावी. कथील वितळताच चिमट्याने जुनी चिप काढून त्याच व्होल्टची नवी, दिशा जुळवून बसवावी. चिपेच्या जागी नुसती तार जोडण्याची पद्धत सर्रास आहे. वेगळा ड्रायव्हर असेल तर एका चिपेपुरती ती चालते. ड्रायव्हर पाटीवरच असेल तर ती टाळावी, कारण उरलेल्या व्होल्टचा भार आयसीवर पडून ती तापते.

पुष्कळ ड्रायव्हरमध्ये आयसीजवळ प्रवाह ठरविणारे दोन लहान रेझिस्टर शेजारी-शेजारी समांतर जोडलेले असतात. त्यांतील जास्त ओहमचा काढला की प्रवाह उतरतो. उजेड थोडा कमी होतो, पण बल्ब थंड राहून जास्त काळ टिकतो.

जिवाची काळजी

या बल्बांचा ड्रायव्हर बहुधा थेट घरच्या विजेला जोडलेला असतो. कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात व बल्ब काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. म्हणून हात लावण्यापूर्वी १० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने त्याच्या दोन्ही टोकांना लावून तो रिकामा करावा व मीटरने खात्री करावी. उघडा बल्ब विजेवर लावून बोटाने चाचपणे म्हणजे मरणाला आमंत्रण. दुरुस्तीनंतर झाकण घट्ट बसवूनच, ६० वॅटच्या जुन्या बल्बच्या सिरीजमध्ये पहिली चाचणी घ्यावी. आत शॉर्ट असेल तर जुना बल्ब पूर्ण पेटेल व अपघात टळेल. झाकण फुटलेला बल्ब गिऱ्हाइकाला मुळीच परत देऊ नये.

व्यवहाराची बाजू

कापडाच्या व्यवसायात दुकानातील उजेडाला फार महत्त्व आहे. पिवळ्या उजेडात पाहिलेला रंग बाहेर उन्हात वेगळा दिसतो व माल परत येतो. म्हणून कापडाच्या दुकानातील बल्बमध्ये चिप बदलताना तिच्या उजेडाचा रंग मूळ चिपांशी जुळतो का, हे अवश्य पाहावे.

दुरुस्त केलेला बल्ब नव्या खोक्यात घालून नवा म्हणून विकणारेही बाजारात आहेत. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला व ओला भाग वर ठेवण्यास सांगितले. हाच नियम बल्बलाही लागू आहे. "हा दुरुस्तीचा आहे, एक चिप बदलली आहे, उजेड किंचित कमी पडेल," असे स्पष्ट सांगावे व मजुरी आधी ठरवावी. ड्रायव्हरची आयसी जळाली असेल आणि खर्च नव्या बल्बाइतका होत असेल, तर गिऱ्हाइकाला तसेही सांगावे. त्या बल्बच्या चिपा, टोपी, झाकण सुटे भाग म्हणून उपयोगी पडतात. बाकीचे ई-कचऱ्यात द्यावे.

पाच बंद बल्ब घेऊन बसा. दोघांच्या चिपा तिसऱ्याला लावून हात बसवा आणि मगच गिऱ्हाइकाचे काम घ्या. काम छोटे असले तरी मेहनत व सचोटी असेल तर अल्लाह त्यात बरकत देतो.